गुरुबसप्पांच्या अंगाचा वास आणि श्रावणातली हुग्गी

आमचे धाकटे दीर गुरुबसप्पा कामावरून घरी येतात तेव्हा आधी वास येतो, मग चपलांचा आवाज येतो आणि त्यानंतर भावजी येतात. कंपनीच्या बसमध्ये त्यांच्या शेजारची सीट बारमाही रिकामी असते. त्या सीटवर ते डबा ठेवतात. डब्यालाही आता तोच वास येतो.

पूजा आटोपली की रोज वहीत चार ओळी लिहायची मला सवय आहे. देवाचं नाव, काय शिजवलं, कोण आलं, कोण रागावून गेलं, एवढंच. पण यंदाच्या श्रावणात भावजींचं जे झालं ते चार ओळींत मावेना, म्हणून पानं भरली.

भावजी चिंचोळी एमआयडीसीत औषधाच्या एका कारखान्यात ऑपरेटर आहेत. गोळ्या तिथं होत नाहीत. गोळीच्या पोटात जे खरं औषध असतं त्याची पावडर तिथं होते, ती पुढं दुसरीकडं जाते आणि तिथं तिच्या गोळ्या पाडतात. माणूस उंच, बारीक, मिशी मात्र दोघांना पुरेल एवढी. बोलणं कमी. चुकून पाय लागला तर बादलीच्याही पाया पडणारे. कारखान्यात नवं यंत्र बसलं की खंडेनवमीची वाट न बघता त्याला आधी विभूतीचे तीन पट्टे ओढतात. साहेब हसतात, पण पुसत नाहीत.

आयुष्यात भावजींना मिरवायची अशी एकच गोष्ट, ती म्हणजे हुग्गी. हुग्गीला परगावची माणसं गव्हाची खीर म्हणतात आणि आमच्यात त्याचा राग येतो. गहू ओलवायचे, कांडायचे, कोंडा पाखडायचा, रात्रभर भिजवून मऊ शिजवायचे, मग गूळ, खसखस, सुकं खोबरं, बडीशेप, आणि तूप हात सैल सोडून. आमच्या पेठेतल्या मठात श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी दासोह असतो. दासोह म्हणजे येईल त्याला जेवण, कोण कुठला विचारायचं नाही. त्या दिवशीची हुग्गी आधी माझे सासरे करायचे, त्यांच्यामागं भावजी करतात. इतर दिवशी मान खाली घालून चालणारा हा माणूस त्या दिवशी चुलीपुढं असा उभा राहतो की मठाचे पंचही बाजूनं जातात.

यंदा उन्हाळ्यात कंपनीनं त्यांची बदली दुसऱ्या विभागात केली. तिथं पिरिडिन नावाचं एक पाण्यासारखं रसायन वापरतात आणि वापरून झालं की गाळून, उकळून, वाफ धरून परत घेतात. कंपनी हातमोजे देते, तोंडावरचा मुखवटा देते, सगळं देते. पण वासाला गेटपास लागत नाही. तो भावजींबरोबर घरी येतो.

आणि वास कसला म्हणाल, तर शिळ्या मासळीचा!

आता आमचं घर लिंगायत. सोमवारी कांदासुद्धा फडताळाच्या वरच्या कप्प्यात जातो. मासळी आम्ही पाहिलीय ती सिद्धेश्वराच्या तळ्यात, चुरमुरे टाकले की तोंड वर काढते ती. मग तिचा वास तुम्हाला कसा कळला, असं मात्र कोणी विचारू नका. पण कळतो.

माझी जाऊ गिरिजा. तिनं सगळे उपाय केले. साबण झाले, बेसन झालं, कडुनिंबाचा पाला झाला. भावजी साबणानं इतके घासून घेत की अंगाची सालं निघायची, आणि बाहेर आले की वास दुप्पट. त्यांचे कपडे परसात वेगळ्या दोरीवर वाळायचे. वारा सुटला की शेजारची बाई भिंतीवरून विचारायची, "आज काय विशेष केलंय?" गिरिजा सांगायची, "मेथी." शेजारीण म्हणायची, "असं व्हय," आणि त्या 'असं व्हय'मध्ये काय काय होतं ते आम्हा दोघींना ऐकू यायचं.

श्रावण अर्धा सरला आणि शरणप्पा अण्णा घरी आले. अण्णा दासोहाचे कर्ते. त्यांचं गूळ-ज्वारीचं दुकान आहे, मूळचे दुधनीचे, रागावले की कानडीत रागावतात. उंबऱ्याच्या बाहेरच थांबले. हातात रुमाल. तिथूनच नमस्कार घातला.

"शरणु, गिरिजव्वा. गुरुबसप्पा हाय का?"

"ड्यूटीवर गेलेत. आत या की अण्णा, चहा टाकते."

"चहा नको. पित्त हाय मला." अण्णांनी रुमाल नाकाकडं नेला, परत खाली घेतला. "सांगायला आलतो. औंदा हुग्गीला आचारी सांगितलाय. वैरागचा हाय. लई नाव हाय त्येचं."

गिरिजा लाटणं हातात घेऊनच बाहेर आली. "का? आमच्या हुग्गीत खडे निघाले?"

"तसं न्हाय. गुरुबसप्पाला इश्रांती."

"त्यांनी मागितली?"

"मागितली न्हाय, पर..." अण्णा माझ्याकडं बघायला लागले. मी मोठी, मी काहीतरी सांभाळून घेईन असं त्यांना वाटलं असावं. मी गहू निवडत होते, निवडत राहिले. "पेठेत लोक बोलायलेत. तो बाहेर कायतरी खातोय म्हणून. वास येतोय."

"कशाचा वास?"

"श्रावण हाय. तो शब्द मी तोंडातनं काढणार न्हाय."

"कुठला शब्द?"

"पाण्यात असतंय ते."

"कमळ?"

"कमळ न्हाय! पवतंय ते."

"बदक?"

"अय्यो शिवने! गिरिजव्वा, तुला समजायलंय, मुद्दाम करायलीस तू."

"समजतंय की," गिरिजा म्हणाली. तिचा आवाज इतका वर गेला की शेजारच्या भिंतीला कान फुटले. "अहो, कोणाच्या घरी ऑम्लेट तळत असलं तर गल्ली बदलून जाणारा माणूस तो. त्याच्यावर हे? तो वास कारखान्याचा हाय. औषधाचा!"

"औषधाचा वास मला ठाव हाय. औषध वासाला कडू असतंय," अण्णा म्हणाले. त्यांना वाईटही वाटत होतं, ते दिसत होतं. "मी एकटा असतो तर काय म्हणलो नसतो. पर पंगत बसंल, पानावर हुग्गी येईल, आणि वरनं हा वास. कोण खाईल? देवाचं अन्न पानात राहील. ते मी बघू?"

एवढं बोलून अण्णा गेले. संध्याकाळी भावजींना सांगितलं. ते म्हणाले, "बरं झालं की. आचारी चांगलाच असंल." मग जेवले नाहीत. माळ्यावर चढले, सासऱ्यांच्या वेळचा लांब दांड्याचा लाकडी कालथा खाली काढला, तेल लावून पुसला, आणि परत वर ठेवून आले. उतरताना म्हणाले, "बाबांनी हा हातात दिला तवा म्हणले होते, पगार कुणीबी देतंय गुरु, हे देव देतंय." गिरिजानं पदर तोंडाला लावला. वासामुळं नाही.

त्यांची मुलगी दानेश्वरी एम.एस्सी. करते, रसायनशास्त्रात. मला ती दोड्डव्वा म्हणते, म्हणजे थोरली आई. दुसऱ्या दिवशी सकाळी मी अंगणात रांगोळी घालत होते तर ती येऊन बसली आणि माझ्या हातातली रांगोळी घेऊन तिनं सहा ठिपके काढले, ते जोडले. षट्कोन झाला. मग एका कोपऱ्यातली रांगोळी पुसून तिथं चिमूटभर हळद टाकली.

"हे पिरिडिन," ती म्हणाली.

"मला वाटलं काहीतरी भयंकर असेल," मी म्हटलं. "हे तर दिवाळीत काढतो आपण."

"हे बघ, दोड्डव्वा. नागपंचमीला तुम्ही फेर धरता ना? समज, सहा जणींनी फेर धरलाय. पाच जणी एका घरच्या, त्या कार्बन. सहावी दुसऱ्या घरची, ती नायट्रोजन. परकी एक तरी फेरात असली की त्याला विषमचक्रीय म्हणतात. आणि फेर असा घट्ट की सहजासहजी सुटत नाही, म्हणून ॲरोमॅटिक."

"ॲरोमॅटिक म्हणजे?"

ती जरा घुटमळली. "पुस्तकात त्याचा अर्थ सुगंधी असा देतात."

परसात दोरीवर भावजींचा शर्ट होता. आम्ही दोघींनी तिकडं पाहिलं.

"नाव जुनं आहे गं," ती म्हणाली. "आता वासाशी काही संबंध नाही. फेर कसा धरलाय त्याच्याशी आहे."

मग तिनं सांगायला सुरुवात केली आणि मी चूल विसरले. म्हणे ती जी दुसऱ्या घरची आहे ना, तिचे दोन्ही हात फेरात अडकलेले असले तरी तिच्या पदराला एक जास्तीची गाठ असते. इलेक्ट्रॉनची जोडी. ती द्यायला ती कायम तयार. म्हणून असलं वलय औषधात घातलं की ते शरीरात जाऊन नेमक्या जागी धरून बसतं. क्षयाची जुनी गोळी, तिच्यात हाच फेर. गजकर्णाच्या मलमात पाच जणींचा फेर, त्यात परक्या दोन. सकाळच्या चहात जे तरतरी आणतं त्यात दोन फेर एकमेकांना चिकटलेले. एवढंच काय, बेलाच्या पानाचा हिरवा रंग आहे त्यात असले चार लहान फेर एका मोठ्या फेरात, मध्ये मॅग्नेशियम बसलेलं. आणि आपल्या रक्ताच्या लालीतही तसेच चार, मध्ये लोखंड.

बेलाचं ऐकून मी रांगोळीला हात जोडले. रोज पिंडीवर बेल वाहते, पण आत एवढी मंडळी फेर धरून उभी आहेत हे कोणी सांगितलं नव्हतं.

मोगऱ्याचंही एक तिनं सांगितलं. मोगऱ्याच्या वासात ह्यातलाच एक पदार्थ अगदी किंचित असतो, आणि तोच जास्त झाला तर संडासासारखा वास येतो. हे तिनं सांगायला नको होतं. तेव्हापासून गजरा माळताना माझा हात थांबतो.

"हे मासळीतून काढतात का?" मी मुद्द्याचं विचारलं.

"छे! पूर्वी दगडी कोळशाच्या डांबरातून काढायचे. आता कारखान्यात तयार करतात. माशाचा काही संबंध नाही."

"चल मग," मी म्हटलं, "हे शरणप्पा अण्णांना सांगू."

आम्ही दुकानात गेलो. अण्णा गादीवर बसून नाश्त्याच्या आधीची पित्ताची गोळी घेत होते. अण्णांचं पित्त पेठेत प्रसिद्ध आहे. शेंगाचटणी सोडणार नाहीत आणि गोळीही सोडणार नाहीत. ज्वारीच्या पोत्यांवर त्यांची मांजर झोपली होती. तिचं नाव बेक्कू, कानडीत मांजराला बेक्कूच म्हणतात. अण्णा नावांवर वेळ घालवत नाहीत.

दानेश्वरीनं फेर सांगितला, परकी सांगितली, पदराची गाठ सांगितली. अण्णा मान हलवत होते. मुलगी हुशार आहे, त्यांना कौतुक होतं. आणि मग ह्या हुशार मुलीनं त्यांच्या हातातलं गोळीचं पाकीट घेतलं, मागचं बारीक वाचलं आणि आनंदानं ओरडली, "अण्णा! पॅन्टोप्राझोल! ह्याच्यातही पिरिडिनचं वलय आहे! बाबांच्या अंगाला ज्याचा वास येतो ना, तोच फेर तुम्ही रोज सकाळी गिळता!"

तिला वाटलं जिंकलो. मलाही वाटलं.

अण्णांचा चेहरा आधी पांढरा झाला, मग विभूतीच्या पट्ट्यांच्या मधून लाल झाला. पाण्याचा तांब्या हळूच खाली ठेवला.

"म्हंजे," ते म्हणाले, "मी रोज सकाळी. उपाशीपोटी. लिंगपूजा झाल्याबरोबर..."

"अहो, ते मासे नाहीत, अण्णा!"

"मग काय हाय?"

"मूळ डांबरातून सापडलं ते," दानेश्वरी म्हणाली. खरं बोलायची सवय वाईट.

"डांबर!" अण्णा उठून उभे राहिले. "रस्त्यावरचं? श्रावणात डांबर खाल्लं मी?" पाकीट त्यांनी चिमटीत धरून तिच्या हातात दिलं. "घेऊन जा. श्रावण संपल्यावर बघू. शिवा, शिवा, शिवा."

तर असं झालं. भावजींची हुग्गी परत मिळवायला गेलो आणि अण्णांची गोळी घालवून आलो.

पुढचे दिवस दानेश्वरी रोज दुकानावरून चक्कर मारायची आणि तोंड उतरवून यायची. अण्णा पहिल्या दिवशी म्हणाले, "बघ, गोळीबिगर काय झालं? कायबी न्हाय." मग त्यांचा आवाज बारीक होत गेला. मग ते गादीवर आडवे दिसायला लागले. घरच्यांनी डॉक्टरकडं चला म्हटलं तर म्हणाले, "त्यो बी तेच डांबर देणार." दासोहाच्या आदल्या शनिवारी दानेश्वरी घरी येऊन रडली. "परीक्षेत पैकीच्या पैकी मिळवले मी ह्याच धड्यात. आणि त्यानंच म्हातारा माणूस आडवा केला."

मी गार दूध घेऊन तिला बरोबर घेऊन दुकानात गेले. अण्णा पोटावर हात ठेवून पडले होते. दूध घेतलं, पण गोळीचं नाव काढू देईनात. तेवढ्यात वास आला. मग चपला वाजल्या. भावजी बसमधून उतरून घरी न जाता सरळ तिथंच आले होते, कामाचा शर्ट अंगावर.

अण्णा भिंतीकडं सरकले. "गुरुबसप्पा, लांब. लांब हो बा."

भावजी लांबच थांबले. हात जोडले. "अण्णा, हुग्गी आचाऱ्यानं करू दे. मी त्याच्यासाठी आलेलो न्हाय. तुमी गोळी घ्या. माझ्यामुळं तुमी असं पडलाय म्हणल्यावर मला कामावर उभं राहवंना झालंय."

भावजी सलग इतकं बोललेलं मी लग्नानंतर ऐकलं नव्हतं.

अण्णा काही बोलणार तेवढ्यात पोत्यांवरून बेक्कू उतरली. आता ह्या बेक्कूबद्दल सांगायला हवं. अण्णांकडं ती दहीभात खाते, पण चार गल्ल्या पलीकडं कोणी सुके बोंबील भाजले तर हिचे कान इथं उभे राहतात, आणि मग ती संध्याकाळपर्यंत दुकानात दिसत नाही. अण्णा तिला त्यासाठी मारत नाहीत, फक्त दुसऱ्या दिवशी तिच्या कपाळाला विभूती लावतात.

ती शेपटी वर करून भावजींकडं निघाली. अण्णा कोपरावर उठले. दानेश्वरीनं माझा हात धरला. बेक्कूनं भावजींच्या शर्टाचं टोक हुंगलं, मग परत हुंगलं. जोरात शिंकली. आणि फसवणूक झालेल्या गिऱ्हाईकासारखं तोंड करून, भावजींकडं पाठ फिरवून, परत पोत्यावर जाऊन बसली.

अण्णा पोत्याकडं सरकले.

"येन बेक्कू?" अण्णांनी मांजराला कानडीत 'काय गं' विचारलं. "न्हाय?"

बेक्कू पंजा चाटत होती.

"न्हाय म्हणायली," अण्णा आम्हाला म्हणाले. त्यांचा सगळा चेहराच सैल झाला. "हिला चुकत न्हाय. दुनिया चुकंल, ही चुकायची न्हाय. गुरुबसप्पा, ते नव्हं रे ते!"

दानेश्वरीनं माझ्या कानात विचारलं, "एम.एस्सी. मी कशासाठी करतेय?" मी म्हटलं, "गोळी दे आधी." तिनं पाकीट पर्समध्येच ठेवलं होतं. अण्णांनी गोळी घेतली, शिवाचं नाव घेतलं आणि डोळे मिटून पडले. "पर पोरी, हे पोटात जाऊन करतंय तरी काय?"

"पोटात जिथं आम्ल तयार होतं तिथं जातं," ती म्हणाली. "ती परकी आम्ल दिसलं की पदराची गाठ सोडून त्याला देते आणि तिथंच अडकून बसते. परत बाहेर पडता येत नाही तिला. मग आम्लाचा पंपच बंद पाडते."

"आणि गोळीला वास का न्हाय?"

"गोळीत तो फेर मोठ्या जत्रेत मिसळलेला असतो. जड झाला की उडत नाही. नाकापर्यंत पोचलं तर वास ना!"

"बरोबर हाय," अण्णा म्हणाले. मांजरानं आधीच शिक्का मारल्यामुळं आता त्यांना सगळंच पटत होतं. मग एक डोळा उघडला. "पर गुरुबसप्पा, एक अडचण ऱ्हातीच. वास कशाचा न्हाय ते मला कळलं. पर वास हायच की. सोमवारी पंगतीत बसलेल्या एकेकापुढं मी मांजर धरू का?"

भावजी म्हणाले, "खरं हाय." आणि घरी गेले. म्हणजे होतो तिथंच राहिलो, फक्त अण्णांचं पोट सुधारलं.

रविवारी सकाळी आम्ही पेठेतल्या बायका मठाच्या अंगणात दासोहाची पितळी भांडी घासत होतो. हुग्गीचं पातेलं इतकं मोठं की गिरिजा त्यात उतरून घासत होती. दानेश्वरी तिला चिंचेचे गोळे देत होती आणि उदासपणे मला काहीतरी सांगत होती की अंगावरचं पिरिडिन सहज उडतं, म्हणून इतका वास. "उडू नये असं काहीतरी... आम्ल दिसलं की ती अडकून..." आणि ती हातातल्या चिंचेकडं बघत राहिली.

"अव्वा," ती पातेल्यात बघून म्हणाली, "बाबांना साबण लावणं बंद. साबण म्हणजे आम्लाच्या उलटंच! बाबांना चिंच लाव!"

पातेल्यातून गिरिजाचं डोकं वर आलं. "माणसाला?"

"चिंचेत आम्ल आहे. ती परकी आम्ल धरेल, तिचं मीठ होईल, आणि मीठ उडत नाही. पाण्याबरोबर वाहून जाईल!"

त्या दिवशी भावजींना सुट्टी होती. परसात दगडावर बसवलं, लाज वाटू नये म्हणून धोतर नेसवून. गिरिजानं चिंचेचा कोळ आणि नारळाची शेंडी घेतली आणि तिच्या हाताला घागरींची सवय, समोर माणूस आहे हे ती कुठं विसरली कोण जाणे. भावजी "गिरिजा, मी पितळ न्हाय" म्हणत होते. ती म्हणत होती, "हलू नका, कानामागं राहिलंय." मिशीला दोनदा कोळ लावावा लागला, वासानं तिथं घरच केलं होतं. मिशी वाळली तेव्हा केरसुणीसारखी उभी राहिली. शेजारीण भिंतीवर आली. "काय चाललंय?" गिरिजा म्हणाली, "देवाची भांडी." कपडेही चिंचेच्या पाण्यातून काढले. शेवटी अंगावर घागरी ओतल्या, आणि आम्ही तिघी नाकं पुढं करून भोवती उभ्या राहिलो.

मासळी गेली होती.

शरणप्पा अण्णांना बोलावणं गेलं. ते आले, गोळीनं ताजेतवाने. भावजींच्या भोवती एक प्रदक्षिणा घातली, खांद्यापाशी थांबले, नाक फुगवलं.

"आमटीचा वास येतोय."

"चालंल का?" भावजींनी विचारलं.

अण्णांनी विचार केला. "आमटी चालंल. आमटी शाकाहारी हाय." मग तिथंच उभं राहून वैरागच्या आचाऱ्याला फोन लावला आणि भात-भाजी त्याच्याकडं दिली. हुग्गी आमच्याच घरची हाय म्हणून सांगितलं, जणू मधले दिवस झालेच नव्हते. भावजी तोवर माळ्यावर चढलेसुद्धा होते.

सोमवारी हुग्गी झाली. कशी झाली ते वासावरून कळत होतं, तूप आणि बडीशेप मठाच्या दारापर्यंत गेली होती. नैवेद्य झाला. पहिली पंगत बसली. भावजी बादली आणि ओगराळं घेऊन पंगतीच्या टोकाला उभे राहिले आणि तिथंच घोटाळा झाला. पहिल्या पानावरच्या माणसानं पानावर हात आडवा धरला. "थोडीच हं. बास. बास." ओगराळं अजून बादलीतच होतं. दुसऱ्यानंही हात धरला. तिसरा म्हणाला, "मला गोड वर्ज्य हाय," आणि तो मिठाईच्या दुकानात कामाला आहे. भावजींच्या कपाळावर घाम आला. बायकांच्या बाजूनं मी बघत होते. गिरिजानं माझं मनगट असं धरलं की बांगडी पिचली.

पेठेला फोन करून कोणी कळवलं नव्हतं की मांजर न्हाय म्हणाली.

शरणप्पा अण्णा कधी पहिल्या पंगतीला बसत नाहीत. कर्ता शेवटी जेवतो. पण ते आले, मिठाईवाल्याला "सरक" म्हणाले आणि त्याच्या पानावर बसले.

"वाढ की, गुरुबसप्पा. हात का आखडतोस?"

भावजींनी वाढलं. अण्णांनी पूर्ण घास घेतला, डोळे मिटले. सगळी पंगत अण्णांच्या गळ्याकडं बघत होती, खाली गेला का नाही ते. गेला. अण्णांनी डोळे उघडले.

"गूळ कमी हाय."

आता सांगते, भावजी आयुष्यात कोणाला उलटून बोललेले नाहीत. साहेबाला नाही, गिरिजाला तर नाहीच. पण हुग्गीला गूळ कमी?

"कमी?" ते म्हणाले. "अण्णा, गूळ तुमच्या दुकानातला हाय. गोडी कमी असंल तर गुळाला इचारा."

"माझ्या गुळाला नाव ठेवतोस?"

"मी कुटं ठेवलं? तुमीच ठेवलं आत्ता, भर पंगतीत."

"माझा गूळ कोल्हापूरपतूर जातोय!"

"मग हितं कमी कसा पडंल?"

पंगतीत कोणीतरी फिसकन हसलं. अण्णांनी पान पुढं सरकवलं. "आणखी वाढ. एका घासात काय कळत न्हाय." भावजींनी वाढलं. अण्णांनी तेही संपवलं, मान तिरकी केली. "अजून पक्कं सांगता येत न्हाय."

मिठाईवाला उभ्याउभ्याच म्हणाला, "मी बघू का? आमचा धंदाच गोडाचा हाय." पलीकडून आवाज आला, "इकडं पण वाढा, आमालाबी जीभ हाय." आडवे धरलेले हात एकेक करून बाजूला झाले. कोणी म्हणे कमी, कोणी म्हणे बरोबर, एक म्हातारे म्हणाले माझ्या सासऱ्यांच्या वेळी खसखस जास्त असायची, आणि प्रत्येकाला मत द्यायच्या आधी आणखी एक ओगराळं लागत होतं. भावजी बादली घेऊन धावत होते, घामानं डबडबले होते, आणि धावता धावता मागं वळून अण्णांशी भांडत होते.

गुळाची तपासणी तिन्ही पंगतींनी केली. आम्हा बायकांची पंगत शेवटची, आमच्या वाट्याला पातेल्याच्या तळाची खरवड आली.

गूळ बरोबर होता.